व्यंजनाचा वारस

मद्रासहून अरकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आवडी हे स्थानक लागते. त्याच्या फलकावर गावाचे नाव तीन लिप्यांत लिहिलेले असते, आणि ज्यास तमिळ अक्षरांची ओळख आहे पण त्या भाषेचा स्वभाव ठाऊक नाही अशा मराठी माणसाने त्यातील तमिळ ओळ वाचावयास घेतली, तर तो 'आवडी' असे न वाचता बहुधा 'आवटी' असे वाचील. कारण तमिळ लिपीत ट आणि ड या दोन ध्वनींस मिळून अक्षर एकच आहे. क व ग, त व द, प व ब यांचीही तेथे अशीच समाईक नोंद आहे. शब्दाच्या आरंभी ते अक्षर कठोर उच्चारावे, दोन स्वरांच्या मध्ये अथवा अनुनासिकानंतर मृदू उच्चारावे आणि द्वित्त झाले असता पुन्हा कठोर करावे, असा तमिळचा साधा दंडक असल्यामुळे मूळच्या तमिळ शब्दांत कठोर-मृदूच्या भेदावर अर्थाचा भेद अवलंबून ठेवण्याची गरज त्या भाषेस फारशी पडलीच नाही. आमच्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी ज्यास अघोष आणि घोष म्हटले, तो हा भेद होय. मराठीत 'काल' आणि 'गाल' हे दोन शब्द केवळ त्याच्या आधारावर परस्परांपासून वेगळे उभे आहेत.

आवडी हे अशा गोष्टींचे निरीक्षण करण्यास मोठे सोयीचे गाव आहे. जानेवारी १९५५ मध्ये उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, त्यामुळे या गावाचे नाव देशभर झाले; पुढे १९६१ साली येथे जड वाहनांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्यातून 'विजयंता' रणगाडे बाहेर पडू लागले, आणि रणगाड्यांच्या संशोधनाची संस्था, लष्करी पोशाखाचा कारखाना, वायुदलाचे ठाणे व केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र यांच्या योगाने येथील वसाहतींत भारताच्या बहुतेक सर्व प्रांतांची माणसे येऊन राहिली. खडकीहून किंवा अंबरनाथहून बदलीच्या हुकुमाने आलेला मराठी कारागीर, जालंधरकडचा पंजाबी जवान आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेला तमिळ रहिवासी हे तिघे जेथे एका दुकानाच्या पायरीवर उभे राहू शकतात, तेथे 'घोडा' हा एकच शब्द तिघांच्या तोंडून ऐकावा. मराठी माणूस त्यातील घ स्पष्ट उच्चारील. तमिळ माणूस, त्याच्या भाषेत शब्दारंभी घोष महाप्राणाची वहिवाटच नसल्यामुळे, बव्हंशी 'कोडा' म्हणेल. आणि ज्याच्या भाषेत हा शब्द पूर्वापार आहे तो पंजाबीदेखील, मराठी कानास तरी, 'कोडा' असेच म्हणत असल्याचा भास होईल.

या दोन 'कोडां'मध्ये मात्र मोठे अंतर आहे. तमिळ मुखातून घ गेला तो गेला. त्याच्या जागी काही उरले नाही. पंजाबी मुखातून तो गेला, पण जाताना आपला हक्क पुढच्या स्वराच्या नावे लिहून गेला. पंजाबीत चाबकास कोडा म्हणतात, घोड्यास कोडा म्हणतात आणि कुष्ठरोग्यासही कोडा म्हणतात. व्यंजने तीच, स्वर तेच, आणि तरीही पंजाबी श्रोत्याच्या मनात क्षणमात्र घोटाळा होत नाही, कारण चाबकाचा शब्द समपातळीवर, घोड्याचा शब्द आवाज खाली नेऊन आणि कुष्ठरोग्याचा शब्द आवाज वर चढवून उच्चारला जातो. शब्दातील घ, झ, ढ, ध, भ हे घोष महाप्राण स्वराच्या आधी होते तेथे त्यांनी मागे नीच सूर ठेवला, आणि स्वराच्या नंतर होते तेथे उच्च सूर ठेवला. गुरुमुखी लिपीत अद्यापि घोड्याचा घ आणि कुष्ठरोग्याचा ढ बिनतक्रार लिहिले जातात. तोंडाने सोडलेली गोष्ट लेखणीने सोडलेली नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रॅहॅम बेली या अभ्यासकाने पंजाबीच्या या सुरांचे शास्त्रीय वर्णन केले.

येथे 'सूर' या शब्दाचा अर्थ नीट ठरवून घेतला पाहिजे. 'आलास' हा मराठी शब्द आपण आवाज उतरवून म्हटला तर ते विधान होते आणि चढवून म्हटला तर तो प्रश्न होतो. परंतु येण्याची क्रिया दोन्हीकडे तीच राहते. हा वाक्याचा सूर झाला, आणि तो जगातील सर्वच भाषांत कमी-अधिक प्रमाणात असतो. वैदिक भाषेत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे भेद शब्दाच्या अंगभूत होते, आणि पाणिनीच्या काळी ते नित्याच्या बोलण्यातही नांदत असल्याचे त्याच्या सूत्रांवरून दिसते. मात्र एका शब्दात उदात्त सामान्यतः एकाच अक्षरावर असे व बाकीची अक्षरे त्याच्या अनुरोधाने चालत. ज्यांस सूरभाषा म्हणतात त्यांची तऱ्हा याहून निराळी. त्यांच्यात प्रत्येक अवयवास, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटास, स्वतःचा ठराविक सूर असतो, आणि तो बदलला की शब्दच बदलतो. चिनी, व्हिएतनामी, ब्रह्मी आणि ताई या भाषा त्या प्रकारच्या आहेत. ताई म्हणजे केवळ सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, थाई भाषा नव्हे. लाओसमधील लाओ, ब्रह्मदेशातील शान, चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील च्वांग आणि आपल्याच आसाम व अरुणाचलातील खामती व फाके यांना सामावून घेणारे ते एक विस्तीर्ण भाषाकुल आहे, आणि सूर कालौघात कसे जन्मतात, फुटतात, मिसळतात व वळतात, याचा विचार करण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

सूर जन्मतो कसा, हे समजण्यासाठी प्रथम घशात डोकावले पाहिजे. घोष व्यंजन उच्चारताना स्वरतंतू सैल राहून कंपित होत असतात आणि स्वरयंत्र किंचित खाली सरकते. अघोष व्यंजन उच्चारताना तेच तंतू ताणले जातात व त्यांचे कंपन थांबते. व्यंजन संपून पुढचा स्वर सुरू झाला तरी तंतूंची ही सैल किंवा ताठ अवस्था तत्काळ नाहीशी होत नाही. परिणामी 'गा' म्हणताना आकाराचा आरंभ थोडा खालच्या पट्टीत होतो आणि 'का' म्हणताना थोडा वरच्या पट्टीत. हा फरक सेकंदाच्या जेमतेम एक-दशांश भागापुरता टिकतो आणि तो बोलणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो. मराठी, इंग्रजी, जपानी कोणतीही भाषा बोलणाऱ्याच्या गळ्यात तो यंत्राने मोजता येतो. ज्या भाषेत क आणि ग हे स्वतःच स्पष्ट ऐकू येतात तेथे या सूक्ष्म चढउताराकडे लक्ष देण्याचे श्रोत्यास काही कारण नसते. पण काळाच्या ओघात ग चा घोष मंदावू लागला, तर श्रोता 'का' आणि 'गा' वेगळे ओळखण्यासाठी नकळत त्या चढउताराचा आधार घेऊ लागतो. तो घेतो आहे हे पाहून, किंवा न पाहताच, पुढील पिढी तो चढउतार अधिक ठळक करते. आणि अखेर ग पूर्णपणे क होऊन जातो त्या दिवशी अर्थाचा सारा भार सुरावर येऊन पडलेला असतो.

महसुली दप्तराची ज्यांस माहिती आहे त्यांस ही घटना चटकन उमगेल. खातेदार निवर्तला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. फेरफार होतो आणि ती वारसाच्या नावे चढते. मात्र तो वारस मयत होण्यापूर्वीच शेतावर राबत असला, प्रत्यक्ष ताबा त्याच्याकडे असला, तर हे काम सुरळीत होते. सुराचे तसेच आहे: व्यंजन जिवंत असतानाच तो त्याच्या सोबतीने, बिननावाने, काम करीत होता. लाओस आणि थायलंड या देशांत बोलल्या जाणाऱ्या ख्मू भाषेत, जी ताई कुलातील नसून मोन-ख्मेर शाखेतील आहे, फेरफाराच्या आधीची आणि नंतरची स्थिती आजही शेजारी शेजारी पाहावयास मिळते. तिच्या पूर्वेकडील बोलीत तांदळाच्या मद्यास 'बूच' आणि कपडे उतरविण्याच्या क्रियेस 'पूच' म्हणतात, व तेथे सूर मुळीच नाहीत. पश्चिमेकडील बोलीत दोहोंसही 'पूच' म्हणतात, पण मद्याचा शब्द नीच सुरात आणि कपड्यांचा उच्च सुरात.

ताई भाषांत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर, आणि आधीच सुरांच्या असलेल्या भाषेत घडला, म्हणून त्याचे फळ अधिक गुंतागुंतीचे झाले. सर्व ताई बोलींची तुलना करून अभ्यासकांनी त्यांच्या मूळ भाषेचे जे स्वरूप अनुमानाने उभे केले आहे, त्यात स्वरान्त किंवा अनुनासिकादी मृदू ध्वनींनी संपणाऱ्या अवयवांवर तीन सूर होते. त्यांना अ, ब आणि क असे म्हणू. प, त, क यांसारख्या स्पर्शांनी एकदम बंद होणाऱ्या अवयवांचा चौथा वर्ग वेगळा, कारण त्यावर सुरांची निवड नव्हती. फांग-क्वेई ली यांचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला तौलनिक ताईचा ग्रंथ या अनुमानाचा मुख्य आधार मानला जातो. त्या मूळ भाषेत आरंभीची व्यंजने मात्र आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होती: ख, फ, स यांसारखी श्वासयुक्त अघोष व्यंजने, आणि त्यांच्याबरोबर 'ह्म', 'ह्न' यांसारखे श्वासयुक्त अनुनासिक, क, त, प ही साधी अघोष, कंठ क्षणभर बंद करून उच्चारलेली एक विशेष ब-द जोडी, आणि ग, द, ब, म, न यांसारखी घोष व्यंजने. पुढे केव्हातरी घोष स्पर्शांचा घोष गेला आणि 'ह्म' चा श्वास गेला. व्यंजने एकमेकांत मिसळली, आणि मिसळताना त्यांनी प्रत्येक जुन्या सुराचे दोन तुकडे केले. मूळच्या एका सातबाऱ्याचे दोन उतारे झाले.

बँकॉकच्या थाई भाषेतील 'खा' या अवयवाचे उदाहरण घ्यावे. आज तेथे खा आरोही सुरात म्हणजे पाय. नीच सुरात म्हणजे आल्याच्या जातीची एक कंदमुळी, जी थाई स्वयंपाकात नित्य लागते. अवरोही सुरात म्हणजे सेवक, किंवा किंमतही. उच्च सुरात म्हणजे व्यापार करणे. आणि मध्यम सुरात म्हणजे अडकून राहणे. परक्या माणसास हा पाच सुरांचा खेळ वाटतो. पण थाई लिपीत पाहिले तर पाय, कंद आणि सेवक हे तीन शब्द 'ख' अक्षराने लिहिलेले दिसतात, आणि अडकणे, किंमत व व्यापार हे तीन शब्द आमच्या वर्णमालेत 'ग'च्या जागी बसणाऱ्या अक्षराने लिहिलेले दिसतात. म्हणजे पूर्वी 'खा' तीन सुरांत आणि 'गा' तीन सुरांत अशी सहा रूपे होती. ग चा ख झाला, तेव्हा तीन सुरांचे सहा झाले. आणि त्यानंतर सेवकाचा सूर व किंमतीचा सूर हे दोन एकमेकांत मिसळून पाच उरले. वारसा वाटून घेतल्यानंतर दोन भावांनी पुन्हा एकत्र खाते करावे तसे हे झाले, आणि त्या दोन शब्दांपुरता जुना भेद खरोखरच बुडाला. आज तो केवळ लेखनात आहे. 'मा' या अवयवाचीही कथा अशीच आहे: मध्यम सुरात 'ये', आरोही सुरात 'कुत्रा', उच्च सुरात 'घोडा', आणि कुत्र्याच्या शब्दात म च्या आधी लिहिला जाणारा, पण आज न उच्चारला जाणारा, एक ह त्याच्या पूर्वीच्या 'ह्म' ची साक्ष देत उभा आहे.

ही फेरफाराची नोंद केवळ तर्काने केलेली नाही; तिला लेखी पुरावा आहे. सुखोथाईचा राजा रामखमहेंग याच्या नावाचा शिलालेख इसवी सन १२९२ चा मानला जातो. पुढे राजा झालेल्या मोंगकुट या राजपुत्रास तो १८३३ साली सापडला. त्याच्या अस्सलपणाविषयी काही विद्वानांनी शंका घेतली आहे, परंतु त्यानंतरच्या शतकातील सुखोथाईच्या इतर लेखांतही लिपीची मूळ व्यवस्था तीच आहे. त्या व्यवस्थेत सूर दर्शविणारी चिन्हे दोनच आहेत. चिन्ह नसले की सूर अ, पहिले चिन्ह असले की ब, दुसरे असले की क; आरंभीचे अक्षर ख असो वा ग, चिन्ह तेच. तीन सुरांच्या आणि ज्यांत ख व ग खरोखर भिन्न आहेत अशा भाषेसाठी ही व्यवस्था अगदी नेमकी होती. सूर फुटल्यावरही लिपी बदलली नाही, आणि म्हणून आजच्या थाई बालकास चव्वेचाळीस व्यंजनाक्षरे उच्च, मध्यम आणि नीच अशा तीन वर्गांत वाटून पाठ करावी लागतात: एकच चिन्ह उच्च वर्गाच्या अक्षरावर असता एक सूर आणि नीच वर्गाच्या अक्षरावर असता दुसरा. त्या बालकास जो नियम निष्कारण जाच वाटतो, तो वस्तुतः त्याच्या पूर्वजांच्या उच्चाराचा दाखला आहे. सुरांच्या चिन्हांची नावेही आम्हांस परकी नाहीत; एक, थो, त्री आणि चत्तवा ही ती नावे, म्हणजे भारतीय संख्यावाचकेच होत, आणि त्यांतील शेवटची दोन चिन्हे पुष्कळ मागाहून, सुरांची संख्या वाढल्यानंतर, निर्माण झाली.

संस्कृताचा जाणकार बँकॉकला गेला तर हा बदल त्याच्या कानांवर पावलोपावली आदळतो. बुद्ध तेथे 'फुत' होतो, गरुड 'ख्रुत' होतो, गुरू 'ख्रू' होतो, भाषा 'फासा' होते. आणि त्या राजधानीचे थाई नाव 'क्रुंग थेप महानखॉन' असे जे आहे, त्यात देव 'थेप' या वेषात आणि नगर 'नखॉन' या वेषात बसलेले आहेत. हे शब्द थाई लिपीत आजही ब, ग, द यांच्याच अक्षरांनी लिहिले जातात. ज्या ताई शब्दांवर हा घोषलोपाचा नियम चालला त्याच नियमाने आमच्याकडून गेलेले शब्दही बदलले, यावरून ते शब्द त्या नियमाच्या आधी तेथे पोहोचले होते, किंवा निदान लिपीच्या त्या जुन्या मूल्यांवर विसंबून घेतले गेले, असे म्हणावे लागते. थाई भाषेत द आणि ब हे ध्वनी अजून आहेत, पण ग नाही, या चमत्कारिक विषमतेचाही उलगडा येथेच होतो: जुने ग, द, ब सर्वच गेले, आज जे द आणि ब ऐकू येतात ते कंठ बंद करून उच्चारल्या जाणाऱ्या त्या विशेष जोडीचे वंशज, आणि त्या जोडीत ग मुळी नव्हताच. आवडीच्या तमिळ मुलुखाशीही बँकॉकचा एक जुना धागा आहे. तेथील राजपुरोहित ब्राह्मणांच्या एका वार्षिक उत्सवास त्रियंपवाय म्हणतात, आणि ते नाव माणिक्कवाचकरांच्या तिरुवेंपावै या तमिळ स्तोत्राचे थाई रूप आहे. द्राविड देशातले स्तोत्र सूरभाषेच्या देशात गेले आणि थाई कंठाने त्याच्या अवयवांना आपले सूर चढविले.

सर्व ताई बोलींनी वाटणी एकाच रेषेवर केली असती तर हा विषय लौकर संपला असता. तसे झाले नाही. बँकॉकमध्ये जुने घोष स्पर्श महाप्राण झाले, तर उत्तरेकडील च्यांग माय येथे ते अल्पप्राण राहिले. म्हणून बापास दक्षिणेत 'फॉ' आणि उत्तरेत 'पॉ' म्हणतात. जुन्या अ सुराची वाटणी बँकॉकने अशी केली की श्वासयुक्त व्यंजनांचे शब्द एकीकडे आणि बाकी सारे दुसरीकडे. च्यांग मायने साध्या अघोष व्यंजनांचे शब्दही पहिल्या बाजूस घेतले. त्यामुळे डोळ्याचा शब्द 'ता' हा बँकॉकमध्ये मध्यम सुरात आणि च्यांग मायमध्ये पायाच्या शब्दाप्रमाणेच आरोही सुरात ऐकू येतो. अशा शेकडो बोलींची मोजणी करण्यासाठी विल्यम गेडनी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली एक तक्ता सुचविला. त्यात उभे स्तंभ जुन्या सुरांचे आणि, ऱ्हस्व-दीर्घ अशा दोन भागांत, बंद अवयवांचे, आडव्या ओळी आरंभीच्या व्यंजनांच्या चार प्रकारांच्या, आणि घरे एकूण वीस. प्रत्येक घरात कान, पाय, डोके. वर्ष, डोळा, खाणे. उडणे, तांबडा, तारा. हात, म्हैस, भातशेत असे कोणत्याही खेड्यात ठाऊक असणारे शब्द. गावी जाऊन एखाद्या म्हाताऱ्याकडून हे शब्द वदवून घ्यावेत, कोणत्या घरांचे सूर सारखे लागतात ते पाहून त्यांभोवती रेषा ओढाव्यात, की त्या गावच्या बोलीची वंशावळ बरीचशी कागदावर येते. प्रत्यक्ष सूर उंच आहे की बसका, हे येथे गौण असते. कोणते शब्द कोणत्या शब्दांबरोबर राहिले, हे प्रधान.

जुन्या तीन सुरांचा उगम कोणता, असा प्रश्न यापुढे सहजच उद्भवतो. त्याचे उत्तर व्हिएतनामी भाषेच्या संदर्भात आंद्रे-जॉर्ज ओद्रीकूर या फ्रेंच पंडिताने १९५४ साली दिले. आरंभीच्या व्यंजनांमुळे सूर दुभंगतात, हे हेन्री मास्पेरो याने १९१२ सालीच दाखविले होते. ओद्रीकूरने असे प्रतिपादिले की मूळचे सूर अवयवाच्या शेवटी असलेली आणि नंतर लुप्त झालेली व्यंजने, जसे अन्त्य स् किंवा कंठ्य अवरोध, यांच्यापासून निघाले. म्हणजे आज व्हिएतनामी मनुष्य ज्या सहा सुरांत बोलतो, त्यांतील भेद कोणे एके काळी व्यंजनांचे भेद होते. ताईचे तीन मूळ सूर याच मार्गाने आले असावेत, हे मत आज व्यापकपणे ग्राह्य धरले जाते. सूरभाषा ही काही वंशाची किंवा हवामानाची देणगी नव्हे. सुरांवाचून असलेली भाषा सुरांची होऊ शकते, एवढे या विवेचनाने निर्विवाद ठरले.

एकदा सूर प्रस्थापित झाले की ते स्थिर राहतात, असाही समज करून घेऊ नये. बँकॉकमध्ये जन्मलेले आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केलेले कॉर्नेलियस बीच ब्रॅडली यांनी १९११ साली सयामी सुरांचे यंत्राने काढलेले आलेख प्रसिद्ध केले. १९६२ साली आर्थर अब्रॅमसन यांनी अधिक सूक्ष्म साधनांनी पुन्हा मापन केले. आणि त्यानंतरच्या मोजण्यांशी ते ताडून पाहता असे आढळते की ज्यास पुस्तकात आजही 'उच्च' म्हणतात तो सूर बँकॉकच्या तरुण पिढीच्या तोंडी उंचीवर स्थिर न राहता अवयवाच्या शेवटाकडे चढत जातो. सुराचा परमोच्च बिंदू हळूहळू शेवटाकडे सरकतो, कारण गळ्यास वर चढण्यास वेळ लागतो आणि लक्ष्य गाठण्यापूर्वीच अवयव संपत येतो. येथे कोणतेही व्यंजन लुप्त झालेले नाही व कोणताही अर्थभेद स्थलांतरित झालेला नाही. केवळ आकृती बदलत आहे. शाळेतील सुरांची नावे मात्र जुनीच आहेत, आणि त्या नावांवरून उच्चार शिकू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची फजिती होते.

आपल्या देशातही ताई भाषेचा एक मोठा इतिहास होऊन गेला. सुकाफा या राजाने पाटकाई पर्वत ओलांडून १२२८ साली ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात अहोम राज्याचा पाया घातला. १६७१ साली सराईघाट येथे ज्याने मोगल आरमारास परतविले आणि ज्याच्या नावाचे सुवर्णपदक खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्रास दिले जाते, तो लाचित बडफुकन याच राज्याचा सेनापती. अहोमांची भाषा ताई होती, त्यांच्या बखरी, ज्यांस बुरंजी म्हणतात, त्या भाषेत लिहिल्या गेल्या. परंतु राज्यकर्त्यांनी हळूहळू असमिया पत्करली आणि अहोम नित्याच्या बोलण्यातून उठून पुरोहितांच्या पोथ्यांपुरती उरली. त्या लिपीत सुरांस चिन्ह नव्हते. बोलणारे होते तोवर त्याची उणीव कोणास भासली नाही, जशी आम्हांस 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन च वेगळे लिहिण्याची भासत नाही. बोलणारे गेले आणि सूर त्यांच्याबरोबर गेले. गोलापचंद्र बरुआ यांनी १९२० साली सिद्ध केलेल्या अहोम कोशात एकाच लेखनाखाली परस्परांशी काहीही संबंध नसलेले अर्थ ओळीने उभे राहतात, कारण त्यांना वेगळे ठेवणारी गोष्ट कागदावर कधीच आली नव्हती. थाई लिपीने व्यंजनांची जुनी नोंद राखली म्हणून तेथे सुरांचा इतिहास लिहिता आला. अहोम लिपीच्या दप्तरात तो रकानाच रिकामा राहिला. नाहरकटियाजवळच्या नामफाके गावी आणि अरुणाचलातील खामतींच्या वस्त्यांत या भाषेच्या भगिनी जिवंत आहेत, आणि ज्यांस अहोमचे उच्चार पुनश्च बसवावयाचे आहेत त्यांस पोथीपेक्षा त्या गावांतील वृद्धांच्या तोंडाकडेच पाहावे लागते.

या साऱ्या विचारानंतर मराठीकडे वळले असता एक वेगळेच दृश्य दिसते. संस्कृत 'हस्त' चे प्राकृतात 'हत्थ' झाले, हिंदीत 'हाथ' झाले आणि मराठीत 'हात'. 'बुभुक्षा' पासून हिंदीत 'भूख' आणि मराठीत 'भूक'. हिंदीत 'सीखना' आणि मराठीत 'शिकणे'. शब्दान्तीचा महाप्राण मराठीने टाकला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. पंजाबीतही या शब्दांतील ख, थ यांनी सूर निर्माण केला नाही. भुकेच्या शब्दात तेथे आरंभीचा भ प होऊन नीच सूर ठेवून गेला, पण शेवटचा ख जागच्या जागी आहे. अघोष महाप्राणाच्या सोबतीस तसा ताबेदार वारस नसतो, असे म्हणून येथपर्यंत निभावून नेता येईल. परंतु 'दूध' या शब्दाचे काय करावे? त्यातील ध घोष आहे, महाप्राण आहे, आणि पुष्कळ मराठी माणसे बोलताना तो 'दूद' असाच उच्चारतात; पंजाबी माणसाने याच ध बद्दल शब्दास उच्च सूर दिला, मराठी माणसाने काहीच दिले नाही. गळा दोघांचा सारखाच, तंतूंचे सैल व ताठ होणे सारखेच, व्यंजनही तेच. तरी एका भाषेत फेरफार झाला आणि दुसरीत नुसता लोप. तेव्हा शरीररचना सुराच्या उत्पत्तीची केवळ शक्यता निर्माण करते, ती अटळ करीत नाही, असे कबूल करणे प्राप्त आहे. ऐकणाऱ्यांच्या समाजाने त्या सूक्ष्म चढउतारावर विसंबण्यास सुरुवात केली पाहिजे, आणि त्यासाठी त्या भेदाची त्यांना तशी गरज भासली पाहिजे. मराठीत 'दूद' असा दुसरा शब्द नसल्यामुळे दुधाचा घोटाळा होण्याची भीतीच नाही. गळा वारस पुढे करतो, पण वारसाचा दाखला श्रोत्यांचा समाज देतो. ताई भाषांत तो मिळाला, पंजाबीत मिळाला, मराठीत अद्याप कोणी मागितलेला नाही.